ठराव क्रमांक चार

सभा पार्किंगमध्ये, रात्री साडेआठला.
चौतीस सभासद, एकवीस खुर्च्या,
उरलेले आपापल्या स्कूटरवर.
मी सचिव. वही मांडीवर.

विषय: जुळे सोलापुरातला आपल्या भिंतीमागचा तुकडा,
जिथं परवापरवापर्यंत करडई होती
आणि टिटव्या रात्रभर कुणाला तरी हाकलत असायच्या.
तिथं सात मजले उठणार.
त्यातली वीस टक्के घरं लहान, तीस चौरस मीटर,
कमी उत्पन्नवाल्यांसाठी. नियमच आहे तसा.
आपण हरकत घ्यायची का?

रेवणसिद्ध बिराजदार उठले, घसा खाकरला:
"माझा गरिबाला विरोध नाही."
(हे वाक्य त्या रात्री अकरा जणांनी म्हटलं.
सहाव्यापासून मी नुसती 'वरीलप्रमाणे' अशी खूण केली.)
"पण पाण्याचं बोला की ओ.
उजनी भरून वाहती तेव्हाबी चार दिवसाआड येतंय.
आणखी शंभर टाक्या कुठनं भरायच्या?"
मोठ्या फ्लॅटवाल्यांच्या टाक्या काय रिकाम्या राहणार?
असं मागून कुणीतरी म्हणालं.
कोण ते अंधारात दिसलं नाही.
तसंच नोंदवलं.

मुल्ला सरांना भावाची काळजी.
डॉक्टर कल्याणशेट्टींनी मधला मार्ग सुचवला:
वेगळं गेट, वेगळी लिफ्ट,
बाग तेवढी सामाईक, तीही सकाळी दहानंतर.
"त्यांनाही मोकळं वाटेल," त्या म्हणाल्या,
आणि खरंच मनापासून म्हणाल्या.

मग पुरुषोत्तम गड्डम. तळमजला, भाडेकरू.
टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो.
"मला मत नाही, माहीत आहे.
पण पगार अठरा हजार आहे माझा.
त्या वीस टक्क्यांत अर्ज मीच भरणार आहे.
म्हणजे तुम्ही दीड तास ज्यांच्याविषयी बोलताय ते
मी आहे. इथंच बसलोय."

हशा झाला. बरा वाटावा असा, घरगुती.
"तुझं वेगळं आहे बे," बिराजदार म्हणाले,
"तू आपला आहेस."

पेन थांबलं ते तिथं.

माझी आई विड्या वळायची.
हजार वळून नेल्या की तपासणारा
कट्टे सोडून बोटांनी चाळायचा,
मूठ, दोन मुठी बाजूला सरकवायचा.
छाट.
त्यांचे पैसे नाहीत. आणि त्या परतही नाहीत.
मी लहान, तिचा पदर धरून उभी. विचारलं,
वाईट विड्यांचं काय करतात?
"विकतात," आई म्हणाली.
"वाईट कुठं होत्या? त्याला काहीतरी
बाजूला काढायलाच लागतं."
तिच्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत
तंबाखूच्या रंगाचं राहिलं.

हे मी सभेत बोलले नाही.
सचिवानं मत मांडू नये, असं पोटनियमात आहे
आणि मला तो नियम त्या रात्री फार सोयीचा वाटला.

"पाणी आलं!"
तिसऱ्या मजल्यावरून हाक.
डॉक्टर, सर, बिराजदार, सगळे उठून धावले,
कुणी मोटारीकडे, कुणी बादल्यांकडे.
एक खुर्ची आडवी पडली.
गड्डमनं ती उचलली, बाकीच्या वीसही
एकात एक घालून कोपऱ्यात लावल्या,
आणि तोही घागर घेऊन गेला.
मत झालंच नाही.

सकाळी बिराजदार सहीला आले.
"एकमतानं मंजूर असं लिहून टाका की."
पान वाचलं, मध्येच अडले.
'हजर: चौतीस सभासद, एक भाडेकरू.'
"भाडेकरू धरत नाहीत ओ मोजणीत. खोडा."

खोडायला पांढरी शाई नाही घरात,
असं सांगितलं.
ती फडताळात होती, त्यांच्या समोरच्याच,
काच सरकवली की हाताला येईल अशी.
चहा ठेवते म्हणाले
आणि आत गेले.